सल्ला हवाय: दहावीचा भूगोल, नकाशात मार्क जातात

रंकाळाकाठची
लेक यंदा दहावीला, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. बाकी विषय बरे आहेत, भूगोलात मात्र चाचणीला ४० पैकी १९. पेपर बघितला, तर पाठ केलेली उत्तरं बरोबर आणि ‘भौगोलिक कारणे लिहा’ जवळजवळ कोरं. ब्राझीलच्या नकाशात ॲमेझॉन नदीच्या जागी पॅराना नदी लिहून आली. रात्री अकरापर्यंत घोकत बसते, सकाळी विचारलं की पुस्तकातल्या भारत-ब्राझील या दोन देशांची सरमिसळ. पोरीची मेहनत बघून जीव तुटतो. वेगळा क्लास लावावा का? गाइड कुठलं घ्यावं?

पेठकर
क्लास नको. बालभारतीचं पुस्तक पुरतं. त्यातले रंगीत नकाशेच वापरा, गाइडातले पुसट असतात.

शिरोळचा मास्तर
ताई, दोन देश शेजारी ठेवून घोकले की मिसळणारच. तिला आधी आपला कोल्हापूर जिल्हा कळू दे. पावसाळ्यातल्या एका रविवारी एसटीनं घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला न्या. रंकाळ्यावरून निघताना रिमझिम असते, कळे गावाच्या पुढं पाऊस वाढत जातो आणि गगनबावड्यात छत्री धरवत नाही. त्याच आठवड्यात पूर्वेला, आमच्याकडं शिरोळला या, इथं उसाला पाणी पाजायला मोटर चालू असते. (आणि इथं पाऊस नसताना पूर मात्र आमच्याच दारात येतो, तेही तिला दाखवा.) अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री अडवतो, पाणी घाटमाथ्यावर पडतं आणि आम्ही पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या भागात.

आता ब्राझील उघडा. तिथं वारे पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतात. किनाऱ्यालगतचा अजस्र कडा त्यांना अडवतो, म्हणून कड्याच्या पलीकडं ईशान्य ब्राझीलमध्ये अवर्षण चतुष्कोन, म्हणजे तिथला दुष्काळी पट्टा. आपल्याकडं कोरडा भाग डोंगराच्या पूर्वेला, तिकडं आतल्या अंगाला, पश्चिमेला. हे डोक्यात बसलं की कारणं आपोआप सुचतात.

नद्यांचंही तसंच. पंचगंगा प्रयाग चिखलीपासून निघते. अरबी समुद्र जवळ असून त्याच्याकडं पाठ फिरवते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि पाणी जातं बंगालच्या उपसागराला, कारण जमिनीचा उतार पूर्वेला. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात तिएते नदी अशीच आहे. अटलांटिकपासून साधारण २२ किमीवर उगम, पण वाहते आत, दक्षिणेला जाणाऱ्या पॅरानाकडं. ही जोडी लक्षात राहिली की पॅराना दक्षिणेला जाते हे ती विसरणार नाही.

बावडेकर
आलेखासाठी एक सांगतो. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या आमच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पेपरात येते. पंधरा दिवसांचे आकडे वहीत लिहून रेषालेख काढायला लावा. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, या दोन आडव्या रेघा लाल पेननं मारा. माझ्या मुलानं असंच केलं. प्रमाण कसं घ्यायचं ते त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही, कारण ती रेघ वर चढताना घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला.

दहावी झालेली
मी बटर पेपरवर ब्राझीलची बाह्यरेषा गिरवायचे, रोज एकच गोष्ट भरायची. सोमवारी फक्त नद्या, मंगळवारी फक्त राज्यं. आठवड्यानं कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले की सगळं एकत्र दिसतं. आणि नकाशाची सूची (कुठली खूण कशाची ते) काढायची विसरू नको म्हणावं, माझा तिथं एक मार्क गेला होता.

रंकाळाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. क्लासचा विचार सोडला. मास्तर, तुमचं तिला वाचून दाखवलं. बराच वेळ नकाशा बघत बसली आणि मग विचारलं, ‘तिएते समुद्र सोडून आत जाते, मग ॲमेझॉन का नाही?’ मला उत्तर देता आलं नाही.

शिरोळचा मास्तर
पोरीनं नेमकं विचारलंय! ॲमेझॉनच्या पश्चिमेला अँडीज पर्वत आहे, उगमही तिथंच, पेरू देशात. तिथून उतार पूर्वेकडं, म्हणून पाणी अटलांटिकला. गगनबावड्याला गेलात की तिला घाटाच्या तोंडाशी पश्चिमेकडं बघत उभी करा. पुढं खाली कोकण, पाठीमागं पंचगंगेचं खोरं. पाणी कुठून कुठं वळतं ते तिलाच बोट करून दाखवू दे.