दुष्काळ म्हटलं की लेकरांना पाण्याची रेल्वेच का आठवती?

रेणापूरचा_पोरगा:
परवा भाच्याला शाळेतून दुष्काळावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या, त्यानं पहिलीच ओळ लिहिली, 'लातूरला रेल्वेने पाणी आले होते.' २०१६ ला हा दोन वर्षाचा होता आणि आमच्या गावात त्या रेल्वेचा थेंब पण आला नाही, ते पाणी लातूर शहराला होतं, आम्हाला टँकर, तो पण दोन दिवसाआड. पण खरं सांगू का, मी स्वतः ती गाडी डोळ्यानं बघितली नाही, तरी पाहुण्यांना बघितल्यासारखंच सांगतो, मिरजेहून निघाली, १० वॅगन, पाच लाख लिटर, १२ एप्रिलला पहाटे पोचली वगैरे. सगळं टीव्हीवरचं. माझं स्वतःचं म्हणजे रात्री दोनला टँकरचा हॉर्न, आई हलवून उठवायची, टँकरनं विहिरीत पाणी सोडलं की दोऱ्या-बादल्या घेऊन पळायचं, वर यायचं ते गढूळ, रात्रभर निवळत ठेवायचं. हे मात्र कुणी खोदून विचारल्याशिवाय तोंडात येत नाही. आजीचं ७२, म्हणजे १९७२ चा दुष्काळ, तसं नाही, एक फोटो नाही तिच्याकडं, पण दुष्काळी कामावर फोडलेली खडी, तिथं वाटायचे ते पौष्टिक पीठ म्हणजे सुकडी, मिलो ज्वारीची लाल भाकर, सगळं काल झाल्यासारखं सांगती. टीव्हीनं आपली आठवणच बदलली का?

परभणीकर_काका:
बाळा, मी तेव्हा आठवीत होतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे ऐन दुष्काळात, पण ते आपल्याकडं कुठलं पोचतंय, चावडीवर एक रेडिओ आणि त्यात बातम्या. आमच्या गावाचं नाव त्यात कधी आलं नाही, पण गरजच नव्हती कारण १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर ५० लाखाच्या आसपास माणसं दुष्काळी कामावर होती. घरटी कोणी ना कोणी खडी फोडत होतं, मग कोण कुणाला दाखवणार? आमच्याकडं पाझर तलावाला अजून 'बहात्तरचा तलाव'च म्हणतात. मोरिस हाल्बवाक्स म्हणून एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं १९२५ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस एकट्यानं आठवत नाही, ज्या माणसांत राहतो त्यांच्या आधारानं आठवतो. तुझी आजी खडीवरच्या बायकांच्या आधारानं आठवती, तू टीव्हीच्या आधारानं. एवढाच फरक आहे पण लई मोठा आहे.

लातूरची_लेक:
दादा, मला हे पटत नाही. मी शहरात होते. आठवड्याला २०० लिटर, तेवढ्यात घरातली सहा माणसं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं, पाण्यासाठी जमावबंदी! कॅमेरे आले म्हणून देशाला कळलं. माझ्यासाठी ती रेल्वे टीव्हीवरचं चित्र नाही, मी ते पाणी प्यायलेय. माझी तक्रार वेगळी आहे, गाडी दिवसभर दाखवली पण लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं का पडलं, वर ऊस किती, बोअर किती खोल गेले, हे तेवढ्या जोरात कुणी घराघरात पोचवलं नाही. म्हणून लेकरांना गाडी माहीत आणि धरण माहीत नाही.

सास्तूरकडचा:
भूकंपाचं पण तसंच झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोकं दमून झोपलेली. बातम्यांत किल्लारी आलं आणि त्याचं नाव 'किल्लारीचा भूकंप'च पडलं, आमचं सास्तूर पण तेवढंच गाडलं गेलं तरी पुण्यात कुणाला गाव सांगितलं की 'म्हणजे किल्लारीकडं का' असं विचारतात आणि मी हो म्हणतो. दरवर्षी त्या तारखेला चॅनलवर तीच दगडमातीची घरं दाखवतात. आई बघते आणि म्हणते, ह्यात आपला वाडा कुठं दिसतोय? ती अजून नव्या गावाच्या सिमेंटच्या घरात झोपताना दाराकडं तोंड करून झोपती. हे कुठल्या कॅमेऱ्यात येणार, सांगा.

रेणापूरचा_पोरगा:
ताई, तुमचं बरोबर आहे, गाडीला कमी लेखायचं नव्हतं मला. काकांचं वाचून काल रात्री मोबाईलवर आजीला रेकॉर्ड करायला बसलो. मी आपलं विचारतोय मजुरी किती, सुकडी किती मिळायची, ती 'हं, हं' करत होती. मग भाच्यानं मधीच विचारलं, 'आजी, तुझ्यासंगं खडीवर कोण कोण होतं?' तर तिनं बोटं मोजत सात बायकांची नावं घेतली, कोण कुणाच्या शेजारी बसायची ते सुद्धा, कुणाचं लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत असायचं ते सुद्धा. त्यातली एकच आता हयात आहे, वेशीजवळ राहती. रविवारी आजीला गाडीवर बसवून तिच्याकडं नेतोय.