मागास भागातील लहान उद्योग ई-व्यापारात आणायचे, तर सरकारचा पैसा नेमका कशावर खर्च व्हावा?

पळसबाग (धागा):
गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांच्या आतल्या तालुक्यांत ‘ऑनलाइन विक्री’ची जी प्रशिक्षणे मी पाहिली, त्यांचा साचा बहुधा एकच होता. पंचायत समितीच्या सभागृहात व्याख्यान होते, दुपारी मोबाइलवर विक्रेत्याचे खाते उघडून दिले जाते, मालाची दोन छायाचित्रे चढवली जातात आणि सायंकाळी प्रमाणपत्रे वाटून सर्व जण आपापल्या गाडीने परत जातात. अडचण सुरू होते ती पहिली मागणी आल्यावर, कारण तेव्हा मदतीला कोणीही नसते.

बांबूच्या सुपाचेच घ्या. त्याचे वजन अर्धा किलोही भरत नाही. परंतु कुरिअर कंपन्या हलक्या आणि मोठ्या पार्सलचे भाडे वजनावर नव्हे, तर आकारमानावर लावतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ४५ बाय ४० बाय १५ सेंटिमीटरच्या खोक्यात एक सूप घातले, की कागदोपत्री त्याचे वजन ५.४ किलो होते आणि भाडे सुपाच्या किमतीच्या वर जाते. तीच तीन सुपे एकात एक बसवून विकली, तर खोका जवळपास तेवढाच राहतो आणि भाडे तिघांत वाटले जाते. ही गोष्ट व्याख्यानाने कळत नाही. ती खोका, मोजपट्टी आणि काटा समोर असताना कळते.

म्हणून माझे मत असे आहे, की नवी संकेतस्थळे आणि प्रशिक्षणे यांवरील खर्च थांबवून प्रत्येक तालुक्यात एक सामाईक पाठवणी केंद्र उभारावे. बांधणी, लेबल, हिशेब आणि परत आलेल्या मालाची तपासणी ही चार कामे त्या केंद्राने करावीत. कारागिराने कारागिरीच करावी.

कापूसकोंड्या:
धागाकर्तीचे निदान मला मान्य आहे, औषध मात्र मान्य नाही. ज्या मालाला पाठवणीचा खर्च सोसत नाही, तो माल दूर पाठवायचाच कशासाठी? आमच्या भागातील बुरुडाचे सूप आठवडी बाजारात रोख पैशाने विकले जाते. तिथे ना कमिशन, ना परतीची भानगड. त्याला मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर नेले, की त्याची गाठ यंत्रावर तयार होणाऱ्या प्लास्टिकच्या सुपाशी पडते, आणि ग्राहक भाव पाहून निवड करतो.

चीनचा दाखला नेहमी दिला जातो, म्हणून सांगतो. तेथे अलिबाबा कंपनीने २०१४ पासून सरकारच्या साथीने खेड्यांत ई-व्यापाराची केंद्रे उघडली. अर्थतज्ज्ञांनी त्यांपैकी काही गावांचा प्रयोग करून अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण उत्पादकांचे वा मजुरांचे उत्पन्न वाढल्याचा फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही. फायदा झाला तो खरेदी करणाऱ्यांचा, आणि तोही थोड्या कुटुंबांचा. म्हणजे केंद्र उघडले तर शहराचा माल गावात येतो. गावाचा माल शहरात जाईलच असे नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतील कापड दुकानदाराला विचारा, पार्सलची गाडी आल्यापासून त्याचा दसरा-दिवाळीचा गल्ला किती उतरला ते. शिवाय जीएसटी क्रमांकाशिवाय ऑनलाइन विकताच येत नाही, मग महिन्याचे विवरणपत्र भरायला सल्लागार आलाच.

वायगावची_हळद:
शेवटचे विधान जुन्या नियमाला धरून आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात पोर्टलमार्फत वस्तू विकायच्या असतील, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घेतला की काम भागते. अडचण राज्याच्या सीमेवर आहे. तेलंगणाच्या सीमेवरील सिरोंच्याच्या विक्रेत्याला हजार किलोमीटर दूरच्या मुंबईला माल पाठवताना नोंदणी लागत नाही, परंतु कितीतरी जवळच्या हैदराबादला पाठवायचा झाल्यास ती पहिल्या रुपयापासून लागते. ही सवलत सीमेवरच्या तालुक्यांसाठी तरी शेजारच्या राज्यापर्यंत वाढवावी, अशी मागणी करणे मला पाठवणी केंद्राइतकेच निकडीचे वाटते.

आणि सगळा माल सुपासारखा नसतो. आमच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला आणि नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (मूळ प्रदेशाचे नाव राखून ठेवणारी सरकारी नोंद) मिळाले. पाव किलोची पुडी पाठवायला सोपी आहे आणि तिला नावाचा भावही मिळू शकतो. मात्र त्यासाठी खाद्यपदार्थाची नोंदणी हवी, आणि वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, वेष्टनाचा महिना व पत्ता नियमाप्रमाणे छापलेला हवा. बचत गटाची पुडी बहुतेक वेळा इथेच अडकते.

तेंदूपान:
केंद्र चालवणार कोण, हे धागाकर्तीने सांगितलेले नाही. अनुदान संपले की कुलूप लागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्या मते ते ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील प्रभाग संघाकडे, म्हणजे महिला बचत गटांच्या संघाकडे द्यावे आणि प्रत्येक पार्सलमागे ठरावीक आकार घ्यावा, म्हणजे पार्सले वाढवण्यात संघाचा स्वार्थ राहील. लोकांना व्यवहार जमत नाही, ही सबब आता पुरे झाली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा हक्क मिळाला, आणि २०११ पासून तिने आपला बांबू स्वतः विकून दाखवला. तिथे कोणी व्याख्यान दिले नव्हते. हक्क दिला होता.

पळसबाग:
तेंदूपान यांची सूचना मला पटते. प्रभाग संघच योग्य ठरेल. कापूसकोंड्या यांनी दिलेल्या अभ्यासाचा दुसरा भाग मात्र राहिला. जो काही लाभ दिसला, तो मुख्यतः ज्या गावांत आधी पार्सल पोहोचतच नव्हते तिथे दिसला; खेड्यासाठी केलेल्या इतर सोयींचा वाटा त्यात कमी होता. म्हणजे अडसर वाहतुकीचा होता आणि माझाही मुद्दा तोच आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो. तेवढ्या काळात मागणी आली आणि माल निघाला नाही, तर पोर्टल विक्रेत्याचे मानांकन उतरवते. पावसाळ्यापूर्वीच माल आलापल्लीला किंवा गडचिरोलीला आणून ठेवला, तर हा दंड टळतो. एकट्या कारागिराला हे शक्य नाही.

आठवडी बाजार सोडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

कापूसकोंड्या:
बाजार सोडत नाही आणि साठा पुढे नेऊन ठेवणार, एवढे असेल तर माझा विरोध निम्मा झाला. उरलेल्या निम्म्याचे उत्तर द्या. ‘पैसे माल मिळाल्यावर’ म्हणून मागवलेले पार्सल ग्राहकाने दारातूनच परत पाठवले, तर वाहतुकीचा खर्च आणि वाटेत मोडलेली टोपली कोणाच्या माथी जाणार? बहुतेक ठिकाणी तो भार विक्रेत्यावर येतो. पाठवणी केंद्राच्या अंदाजपत्रकात परतीच्या नुकसानीसाठी वेगळा निधी असल्याखेरीज, किंवा सुरुवातीची एक-दोन वर्षे फक्त आगाऊ पैसे देणाऱ्या ग्राहकालाच माल पाठवायचा असे ठरल्याखेरीज, मी माझ्या गावातील बुरुडांना यात पडा असे सांगणार नाही.

वायगावची_हळद:
आगाऊ पैशाची अट घातली, तर अनोळखी विक्रेत्याकडून पहिली खरेदी फार थोडे लोक करतील. हळदीपुरते मी म्हणेन की आधी नागपूर, वर्धा आणि अमरावतीच्या ओळखीच्या ग्राहकांना यूपीआयने पैसे घेऊन पोस्टाने पुड्या पाठवाव्यात आणि पोर्टलकडे त्यानंतर वळावे. टोपलीसाठी मात्र परतीचा निधीच लागेल, आणि तो कमिशन घेणाऱ्या पोर्टलने द्यावा की शासनाने, यावर इतरांचेही मत यावे.