ध्रुवाची उंची सारखीच, मग समुद्रात पूर्व-पश्चिम कशी कळते?

प्रश्न (परभणी जिल्हा): हरभऱ्याला पाणी देण्यासाठी वीज रात्रीच मिळते, त्यामुळे सध्या बराच वेळ चांदण्यांखाली जातो. तिकांडे (मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे) पश्चिमेकडे किती कलले यावरून पहाट किती दूर आहे, हे आमचे आजोबा सांगत असत. हात लांब करून मूठ धरली की सुमारे दहा अंश होतात असे वाचल्यावर मी ध्रुव मोजला, तेव्हा तो क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा किंचित कमी भरला. मुंबईच्या भाच्यालाही तितकाच भरला. चारशे किलोमीटर अंतरावरची दोन ठिकाणे ध्रुवावरून ओळखू येत नसतील, तर कसलीही खूण नसलेल्या समुद्रात जहाजाची जागा कशी ठरवतात?

उत्तर (लातूर): मी व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो. आपले मोजमाप बरोबर आहे, कारण ध्रुवाची उंची म्हणजे जवळपास त्या जागेचे अक्षांश, आणि परभणी व मुंबई दोन्ही १९ अंशांच्या आसपास आहेत. रेखांशासाठी मात्र ठरलेल्या एका जागेची वेळ दाखवणारे घड्याळ लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून एका अंशाला ४ मिनिटे. परभणी मुंबईच्या पूर्वेस सुमारे ४ अंश असल्यामुळे कोणताही तारा आपल्या माथ्याची रेषा तिथल्यापेक्षा साधारण १६ मिनिटे आधी ओलांडतो. डोलणाऱ्या जहाजावर अचूक चालणारे घड्याळ नव्हते तोवर रेखांश हे दर्यावर्दींचे मोठे दुखणे होते. जॉन हॅरिसन यांनी १७५९ मध्ये पूर्ण केलेल्या घड्याळाने ते बरेचसे दूर केले.

उत्तर (अंबाजोगाई): दादांच्या उत्तराला जोडून थोडे सांगते. अरबी समुद्रातले नाखवे ‘कमाल’ नावाची छोटी लाकडी फळी वापरत. तिच्या मधोमध ओवलेली दोरी दातांत धरून फळी इतकी लांब न्यायची की खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकेल. दोरीवरची गाठ म्हणजे एखाद्या बंदराचे अक्षांश. त्या गाठीची उंची जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचे आणि मग किनारा दिसेपर्यंत सरळ पूर्वेला वळायचे. घड्याळाशिवाय घर गाठण्याची ही रीत मला फार सुंदर वाटते.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. मी आणि भाच्याने ध्रुवाच्या रेषेत दोन ओळंबे टांगून, व्याध त्यांच्या आड आल्याची वेळ एकाच रात्री मोबाईलवर टिपली. फरक १८ मिनिटे आला.

उत्तर (लातूर): पहिल्याच प्रयत्नाला हे फार चांगले आहे. ती दोन मिनिटे मात्र आपल्या अक्षांशावर सुमारे ५० किलोमीटर होतात, म्हणून जहाजावर आम्ही सेकंदही सोडत नसू. सेक्स्टंटने, म्हणजे क्षितिजापासूनची उंची मोजण्याच्या उपकरणाने, तारे घेण्याची वेळही थोडीच असते: संधिप्रकाशात तारे उमटलेले असतात आणि क्षितिजाची रेघ अजून दिसत असते. तेवढ्यात तीन-चार ताऱ्यांची उंची घेऊन पंचांगासारख्या नाविक कोष्टकांशी ताडून पाहायची. जीपीएस आल्यानंतरही जहाजाच्या अधिकाऱ्याला हे शिकावे लागते. पुढच्या वेळी ओळंब्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, म्हणजे वाऱ्याने दोरी हलणार नाही.