मदत हवी आहे: टॉप पेअर + फ्लश ड्रॉ, आणि दुसऱ्याच लेव्हलला बाद. चूक नेमकी कुठे झाली?

राम राम मंडळी. पोकर जाणणाऱ्यांनी हा हात जरा तपासून द्या. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

आम्ही यावल-फैजपूरकडची नातेवाईक मंडळी. पूर्वी आमच्यातले दोघं-तिघं ऑनलाइन खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं. आता हिवाळ्यात मळ्यावर भरीत पार्टी असली की सोबत टूर्नामेंट लावतो. पैसे अजिबात नाहीत, चिप्स प्लॅस्टिकच्या. जो सगळ्यात आधी बाद होईल त्याने पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि सोलायची, एवढीच शिक्षा. (त्यामुळे कायद्याचे प्रतिसाद कृपया नकोत.)

नऊ जण, प्रत्येकी १०,००० चिप्स. पहिली २० मिनिटं ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स, एक लहान एक मोठा) २५-५०, मग दुसऱ्या लेव्हलला ५०-१००. हा हात ५०-१०० च्या सुरुवातीचा, म्हणजे माझ्याकडे जवळपास १०० बिग (मोठे) ब्लाइंड होते.

मी बटनावर (फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलणारी जागा), हातात बदामचे राजा आणि गुलाम. मामांनी पुढच्या सीटवरून ३०० केले. मामा म्हणजे सख्खे मामा, रेल्वेतून रिटायर, आयुष्य मेंढीकोटात गेलेलं. मी कॉल (तेवढेच टाकले), बिग ब्लाइंडवरचा आतेभाऊ कॉल. पॉट (मधल्या सगळ्या चिप्स) ९५०.

फ्लॉप (बोर्डावरचे पहिले तीन उघडे पत्ते): चौकटचा राजा, बदामची नव्वी, बदामची चौकी. म्हणजे माझी राजांची जोडी (टॉप पेअर), आणि अजून एक बदाम आला की पाच बदामांचा फ्लश (फ्लश ड्रॉ).

आतेभाऊ चेक (काही न लावता पुढे). मामा ५००. मी १,५०० केले. आतेभाऊने पत्ते टाकले. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ४,२०० केले. मी फार विचार न करता ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे). मामांच्या चिप्स माझ्यापेक्षा थोड्या जास्त होत्या, त्यांनी लगेच कॉल केला आणि दोन नव्व्या उलट्या केल्या, बोर्डावरची धरून तीन. टर्नला (चौथा पत्ता) चौकटची दुर्री, रिव्हरला (पाचवा) किलवरची सत्ती. "काय रे भो, इतली घाई कायले?" एवढंच म्हणाले.

माझं गणित असं होतं: ९ बदाम, २ राजे, ३ गुलाम, एकूण १४ पत्ते. दोन पत्त्यांत त्यातला एक तरी येण्याची शक्यता ५१ टक्के, शिवाय टॉप पेअर आधीच हातात. मग घाबरायचं कशाला? की टूर्नामेंटच्या सुरुवातीला असा हात सांभाळूनच खेळायचा असतो?

भुसावळ आउटर
भाऊ, ५१ टक्के हा हात सुधारण्याचा आकडा झाला. मामांच्या नव्व्यांसमोर राजा आला तर तुमचे तीन राजे होतात, पण मामांचा फुल हाऊस (तीन एकसारखे + एक जोडी, फ्लशपेक्षाही मोठा) होतो. एकटा गुलामही पुरत नाही. बदाम येऊनही पुढे बोर्डावर जोडी लागली तर गेलात. सगळं धरून तिथे तुमचे ३० टक्के.

आता पॉट बघा. ४,२०० नंतर तुम्ही आणखी ८,२०० टाकले, कॉल झाल्यावर एकूण पॉट २०,३५०. म्हणजे कॉल झाला तर किमान ४० टक्के तरी हवेत. समोर एक्का-राजा असता तर साधारण ४५ टक्के होते, चाललं असतं. मामांकडे सेट (हातातली जोडी + बोर्डावरचा तिसरा) असण्याचे प्रकार मोजा: नव्व्यांच्या ३ जोड्या, चौक्यांच्या ३, राजांची १, एकूण ७. एक्का-राजाचे ८. सगळे सारखे धरले तर सरासरी ३८-३९ वर येते, अगदी काठावर. मामा फोल्ड करणारे (पत्ते टाकणारे) असते, किंवा नुसता ड्रॉ घेऊन वाढवणारे असते, तर ऑल-इन बरोबर ठरलं असतं. त्यामुळे खरा प्रश्न असा की एक्का-राजावर मामा ४,२०० करतात का?

चौकट गुलाम
आधी हे सांगा, वांगी बामणोदची होती का? आणि कळण्याची भाकरी होती का?

तिर्री
मला ऑल-इनपेक्षा ते १,५०० खटकले. तुम्ही मामांच्या मागे बसलात, प्रत्येक पत्त्यानंतर त्यांची चाल बघून मग बोलायचं. ५०० नुसते कॉल करायचे! १,५०० केल्यावर राणीची किंवा दश्शीची जोडी असलेला माणूस पळतो आणि राहतो कोण? तुम्हाला मारणाराच. पॉट एकदा फुगला की असला हात सोडवत नाही, आणि ४,२०० नंतर नुसता कॉल करायचा म्हटलं तरी टर्न कोरडा गेला की पुढे फोल्डच.

आणखी एक. बदामचा एक्का तुमच्याकडे नाही. तो समोर दुसऱ्या बदामासोबत बसला असेल तर आत्ता तुम्ही पुढे आहात, पण येणारा बदाम तुमचा घात करेल. ड्रॉ एक्क्याचा असता तर मी इतकं म्हटलं नसतं.

सुरुवातीला जपून खेळायचं असा नियम मात्र करू नका. बक्षिसाच्या जागा लांब असतात तेव्हा चिप्सचा हिशोब जवळपास कॅश गेमसारखाच (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) असतो. फरक इतकाच की परत विकत घेता येत नाहीत, आणि मामांसारखा माणूस अजून तीन तास चुका करायला समोर बसणार असतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. गुलामभाऊ, वांगी बामणोदचीच होती, हाताचा वास अजून गेलेला नाही. भाकरी कळण्याचीच.

काल मामांना फोन करून सरळ विचारलं, एक्का-राजा असता तर ४,२०० केले असते का? म्हणाले, "एका जोडीवर इतले कोन टाकतं?" म्हणजे आउटरभाऊंच्या मोजणीतले ते ८ प्रकार बादच, राहिले ७ सेट. कुणासमोर बसलोय हे न बघताच ऑल-इन केलं.

तिर्री, तुमचं पटलं, पण एक अडलंय. समजा मी ५०० कॉल केले, आतेभाऊने टाकलं, टर्नला बदामची दुर्री आली आणि मामांनी चेक केलं. पॉट १,९५०. आता फ्लश तयार आहे, पण एक्क्याचा नाही. मी किती लावू? हजार लावले आणि मामांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला, तर?