पिकासोच्या सुरईवरचा चेहरा: हात नेमका कुणाचा?

मृण्मयी: फ्रान्समध्ये नीसला लेकाकडे आले आहे. इथल्या एका गॅलरीत पिकासोची सुरई पाहिली. फुगीर पोटावर बाईचा चेहरा, मागे वेणीसारखी मूठ. बुडाशी ‘एदिसियों पिकासो’ (पिकासो आवृत्ती) आणि ‘मादुरा’ असे शिक्के. पाच मिनिटं जागची हलले नाही. मग कळलं, अशा ३०० आहेत, आणि मन खट्टू झालं. हे काम पिकासोचं म्हणायचं की कारखान्याचं?

चाकावरचा: ताई, २२ वर्षं साच्याचं काम करतोय, म्हणून लिहितो. मादुरा ही व्हॅलोरिस गावातली सुझान आणि जॉर्ज रामिए यांची कार्यशाळा. पिकासो तिथे १९४६ साली पहिल्यांदा गेला, १९४७ पासून काम करू लागला. १९७१ पर्यंत त्याच्या ६३३ आवृत्त्या निघाल्या; आवृत्ती म्हणजे एकाच नमुन्याचे ठरावीक नग. एखाद्या आवृत्तीचे २५ नग, एखादीचे ५००.

तुमची सुरई बहुधा अशी झाली असणार: एक त्याने स्वतः रंगवली, तिच्यावर बघून बाकीच्या मादुराच्या कारागिरांनी घडवल्या. रेघ त्याची, कुंचला दुसऱ्याचा. तरी ती मला कमी वाटत नाही. फुगीर पोटावर गाल वळवणं कागदावर जमत नाही. डोळा कुठे ठेवायचा हे सुरईच ठरवते.

पण मागे ‘आंप्रांत ओरिजिनाल’ (मूळ ठसा) असा शिक्का दिसला तर थांबाच. त्यात पिकासो प्लास्टरवर स्वतः कोरायचा आणि कारागीर त्यात माती दाबून ताटली काढायचे. त्याने खोदलेली खाच मातीवर उठून येते. चेहरा उलटा कोरावा लागतो. ओठाची कड उलटी कोरणं किती अवघड आहे, ते रोज करतो म्हणून सांगतो. शिवाय दर दाबाला प्लास्टर झिजतं, कडा बोथट होत जातात.

सागरिका: जॅकलिनचे चेहरे नक्की बघा. जॅकलिन रोक मादुरातच विक्रीचं काम बघायची, तिथेच तिची आणि पिकासोची भेट झाली. लग्न १९६१ साली. लांब मान, मोठे डोळे, लगेच ओळखू येते. व्हॅलोरिस नीसपासून दूर नाही. तिथल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात त्याची मातीची कामं आहेत.

मृण्मयी: दादा, आज परत गेले. गॅलरीतल्या बाईंनी जॅकलिनच्या चेहऱ्याची पांढरी ताटली हातात दिली. मागे तुम्ही सांगितलेला शिक्का होता. डोळे मिटून अंगठा फिरवला: कपाळ, नाक, मग ओठ. नाकाची कड अजून टोचते.