शब्दचर्चा : ‘इन्फ्लेशन’ला फुगवटा म्हणावे, महाप्रसरण की स्फीती?

विचारणा (नौपाडा, ठाणे) :
आमच्या अभ्यासमंडळासाठी विश्वाच्या आरंभकाळावर मराठी टिपण तयार करताना ‘कॉस्मिक इन्फ्लेशन’ला, म्हणजे विश्व अगदी सुरुवातीच्या क्षणी झपाट्याने फुगले त्या टप्प्याला, कोणता शब्द योजावा यावर एकमत होत नाही. ‘फुगवटा’ सोपा आहे, ‘महाप्रसरण’ भारदस्त आहे आणि ‘स्फीती’ अर्थशास्त्रातून उचलल्यासारखी वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (नेरूळ) :
‘फुगवटा’ माझ्या मते बाद. मोरबे धरणाचे पाणी पिणाऱ्या नवी मुंबईकराला फुगवटा म्हटले की धरणामागे पसरून थबकलेले पाणी आठवते.

‘महाप्रसरणा’ची अडचण अधिक खोल आहे. प्रसरण तर विश्वाचे आजही चालू आहे. त्याला ‘महा’ लावल्याने केवळ प्रमाण मोठे होते, प्रकार वेगळा असल्याचे कळत नाही. त्या टप्प्याचे लक्षण नुसता प्रचंड वेग हे नसून प्रसरणाचा वेग सतत वाढत जाणे हे आहे, आणि नेमक्या याच त्वरणामुळे पूर्वी एकमेकांच्या संपर्कात असलेले भाग परस्परांच्या क्षितिजापलीकडे (जिथून प्रकाशही पोहोचू शकत नाही इतके दूर) फेकले गेले. आकाशाच्या विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचे (विश्वाच्या आरंभकाळातून उरलेल्या प्रारणाचे) तापमान सुमारे 2.725 केल्व्हिन इतके सारखे का, फरक लाखात एका भागाइतकाच का, याचे उत्तर त्यातून मिळते. म्हणून ‘स्फीती’ त्या टप्प्यासाठी आणि ‘प्रसरण’ सर्वसाधारण क्रियेसाठी राखावे. ‘स्फाय्’ या धातूचा अर्थच वाढणे असा आहे. अर्थशास्त्राची त्यावर मक्तेदारी नाही. (समासात मात्र ‘स्फीतिक्षेत्र’, म्हणजे स्फीती घडवून आणणारे क्षेत्र, असे ऱ्हस्व लिहावे.)

स्फीती मोजण्याचे एकक असलेल्या ‘ई-फोल्ड’साठी तर शब्द शोधायलाच नको. दुप्पट, तिप्पट म्हणतो तसे ‘ई-पट’ म्हणावे. विश्व सुमारे 2.718 पट वाढले की एक ई-पट. असे साठ ई-पट झाले की लांबी साधारण दहाचा सव्विसावा घात इतक्या पटीने वाढते. बहुतेक प्रारूपांत (मॉडेलांत) निरीक्षणांशी जुळण्यासाठी पन्नास ते साठ ई-पट लागतात.

पुरवणी प्रश्न (नौपाडा) :
‘स्फीती’ पटली. पण आपण ‘प्रारूप’ लिहिले आहे; सरकारी कागदांत त्याचा अर्थ मसुदा असा होतो. सरळ ‘स्फीतीचा सिद्धान्त’ का म्हणू नये?

उत्तर (नेरूळ) :
कारण सिद्धान्त एकवचनी वाटतो आणि येथे सारा कुटुंबकबिला आहे. भौतिकशास्त्रज्ञ स्टारोबिन्स्की यांनी 1980 मध्ये गुरुत्वाच्या समीकरणांत अवकाशकालाच्या वक्रतेच्या वर्गाचे पद मिळवून एक प्रारूप मांडले. अ‍ॅलन गूथ यांच्या 1981 च्या लेखात स्फीतिक्षेत्र छद्म निर्वातात (वरकरणी स्थिर, पण सर्वांत कमी ऊर्जेच्या नसलेल्या अवस्थेत) अडकते आणि बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. परंतु ते बुडबुडे एकमेकांत मिसळून एकजिनसी विश्व होत नाही, ही त्यातली अडचण गूथ यांनीच नोंदवली होती. 1982 मध्ये लिंडे यांनी, तसेच अल्ब्रेख्ट आणि स्टाइनहार्ट यांनी, क्षेत्र जवळजवळ सपाट उतारावरून हळूहळू घरंगळत येते अशी सोडवणूक सुचवली. ‘स्लो रोल’ला ‘मंद घरंगळ’ म्हणायला माझी हरकत नाही. ‘मंदलोटन’ मात्र कोणी लिहू नये.

या प्रारूपांची परीक्षाही वेगवेगळी होते. आदिम गुरुत्वीय लहरींचे घनतेतील चढउतारांशी असलेले गुणोत्तर 2021 च्या निरीक्षणांनी 0.036 च्या खाली आणून ठेवले आहे, त्यामुळे साधे वर्गविभवाचे (क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते असे) प्रारूप मागे पडले, तर स्टारोबिन्स्कींचे त्या कसोटीत टिकले. एक बाद होते म्हणून दुसरे बाद होत नाही, हे वाचकाला कळायचे तर टिपणात ‘स्फीतीची प्रारूपे’ असे अनेकवचनच ठेवावे.