मदत हवी आहे : बांगलादेशात संत्र्यावरचे आयात शुल्क नेमके कसे ठरते?

नमस्कार.

मी वरूड तालुक्यातील संत्रा उत्पादक असून आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे कागदोपत्री काम पाहतो. आंबिया बहार तोडणीला येण्यापूर्वी सभासदांसमोर बांगलादेशच्या बाजारपेठेविषयी एक टिपण ठेवायचे आहे. त्याचा बराच भाग तयार आहे. अडले आहे ते शुल्काच्या हिशेबापाशी.

नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश आहे. २०१९ च्या सुमारास तिथे किलोमागे वीसेक रुपये पडणारे आयात शुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले, आणि तिकडे माल कमी गेला की इथल्या बागेतला भाव किती खाली येतो, हे आम्ही दर हंगामात अनुभवतो. ही वाढ केवळ आपल्याविरुद्ध झाली, असा सभासदांचा समज आहे. माझ्या वाचनातून मात्र वेगळे चित्र दिसते. त्या देशाच्या निर्यातीत चार-पंचमांशाहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे, तर इंधन, कापूस आणि यंत्रे बाहेरून आणावी लागतात. २०२१ मध्ये सुमारे ४८ अब्ज डॉलर असलेली परकीय गंगाजळी पुढे झपाट्याने आटली, तेव्हा मे २०२२ मध्ये तेथील सरकारने फळांसह शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क (आयात आवरण्यासाठी मूळ सीमाशुल्काशिवाय लावले जाणारे जादा शुल्क) वाढवले आणि जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करून घेतले. डॉलर वाचवायचे म्हटल्यावर फळे चैनीच्या वस्तूंत मोजली गेली.

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना देश सोडावा लागला आणि मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार आले. त्यानंतर व्यापारातही ताण आला. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने जमिनीवरील नाक्यांतून भारतीय सूत घेणे थांबवले. मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांना फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतून प्रवेश ठेवला. २०२३-२४ मध्ये भारताची तिकडील निर्यात सुमारे ११ अब्ज डॉलरची होती आणि तिकडून आयात दोन अब्जांहूनही कमी. एवढी तफावत असताना सवलत मागायची कोणत्या आधारावर, हा प्रश्न सभेत नक्की येईल.

आता मुख्य अडचण. एका व्यापाऱ्याने सीमेपलीकडच्या, बांगलादेशातील बेनापोल नाक्यावरील शुल्क भरल्याच्या कागदाचे छायाचित्र दाखवले. बंगाली चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो, त्यामुळे एक आकडा मी आधी दुपटीने वाचला होता. तो नीट लावल्यावर लक्षात आले की सीमाशुल्क, नियामक शुल्क, पूरक शुल्क आणि मूल्यवर्धित कर हे सगळे आमच्या बीजकातील किमतीवर नव्हे, तर तेथील कार्यालयाने धरलेल्या, त्याहून बऱ्याच जास्त किमतीवर लावले होते. म्हणजे आम्ही स्वस्तात दिलेल्या चुरीवरही (म्हणजे लहान फळावरही) मोठ्या फळाएवढेच शुल्क बसते. आमच्याकडून तिकडे जाणाऱ्या मालात लहान फळ बरेच असते, म्हणून हा मुद्दा मला दराच्या टक्केवारीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा जाणकारांना विनंती आहे की, ही किमान आकारणी किंमत कोण ठरवते, ती प्रतवारीनुसार वेगळी धरून घेण्याची तरतूद आहे का, आणि साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातील बांगलादेशच्या संवेदनशील यादीत (शुल्क सवलतीतून वगळलेल्या वस्तूंत) ताजी संत्री आहेत का, हे कृपया सांगावे. २४ नोव्हेंबर २०२६ रोजी तो देश संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडणे नियोजित आहे. त्यानंतर भारतात मिळणारी शुल्कमुक्त सवलत टिकवण्यासाठी त्यांना वाटाघाटी कराव्या लागतील. त्या वेळी संत्र्याचा विषय पुढे करायचा तर अर्ज अपेडाकडे (कृषिमाल निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) करावा की थेट वाणिज्य मंत्रालयाकडे? ज्यांनी बेनापोलसमोरच्या भारतीय बाजूच्या पेट्रापोल नाक्यामार्गे स्वतः फळे पाठवली आहेत, त्यांनी बीजक आणि आकारणी यांतील फरक आपल्या अनुभवावरून लिहिला, तर तो मी टिपणात जसाच्या तसा मांडीन.